आतला पॅड

"मिस्त्री, जूनमध्येच तर तुम्ही पॅड टाकले होते ना?"

सरांनी एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी घातली नाही. २०२३ चा दसरा होऊन चारच दिवस झाले होते. गाडीच्या जाळीवर झेंडूचा हार सुकून लोंबत होता, आरशाला आंब्याचा टाळा तसाच बांधलेला होता. गाडी गॅरेजात घेताना पुढच्या डाव्या चाकातून जो आवाज आला, तो ऐकून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. ब्रेकच्या कामात एवढी वर्षं काढल्यावर चाक खोलायच्या आधीच कळतं की पॅडचा मसाला संपलाय आणि आता मागचा पत्राच डिस्कवर घासतोय.

चिपळुणात माझं छोटं गॅरेज आहे. दोन गाड्या आत आणि तीन बाहेर उभ्या राहतील एवढं. सर जवळच्याच एका शाळेत गणित शिकवतात, त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, दुसऱ्या शाळेत आहेत. घरात दोन मुलं आणि सरांची आई. आईंच्या हृदयाच्या तपासणीसाठी दर पंधरा दिवसांनी कऱ्हाडला जावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट चढायचा आणि संध्याकाळी तोच उतरायचा. म्हणून त्यांनी सात जण बसतील अशी मोठी एसयूव्ही घेतली. एरवी ती बाईच चालवतात, शाळेत जायला-यायला.

डावं चाक काढलं, कॅलिपर उचलला आणि दोन्ही पॅड बाकावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरच्या पॅडवर साडेआठ मिलिमीटर मसाला शिल्लक होता. जूनमध्ये टाकला तेव्हा तो दहा होता. आतल्या पॅडवर काहीच नव्हतं. पत्रा उघडा पडला होता आणि घासून आरशासारखा चकचकीत झाला होता. एका टोकाला तर पत्रासुद्धा थोडा खाल्लेला होता. गाडी मधल्या काळात चालली होती साडेपाच हजार किलोमीटर. पुढचे पॅड साधारण तीस-चाळीस हजार जातात, घाटातल्या गाडीचे थोडे कमी धरायचे.

सरांनी दोन्ही पॅड हातात घेऊन पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे दोघांची सरासरी काढली तर चारच्या वर येते. सरासरीवर हा पास झाला असता."

ते गणिताच्या माणसाचं बोलणं होतं, पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. कारण तसंच घडलं होतं. ऑगस्टमध्ये गाडीची नेहमीची सर्व्हिस दुसरीकडे झाली होती आणि त्या कागदावर लिहिलेलं होतं, पुढचे पॅड ८० टक्के. लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं नव्हतं. अलॉय चाकाच्या फटीतून बॅटरी मारली की दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला दिसायला चाक काढावं लागतं, निदान गाडी उचलून खालून तरी बघावं लागतं. बाहेरचा ८० टक्क्यांच्या वर होताच.

पण दोष त्या कागदाचा नाही. दोष जूनमधल्या माझ्या कामाचा होता, आणि तो मी सरांना तिथेच उभा राहून सांगितला.

जूनमध्ये काय झालं होतं ते सांगतो. शुक्रवारची संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, हाताखालचा पोऱ्या लवकर घरी गेलेला. सरांना शनिवारी पहाटे कऱ्हाडला निघायचं होतं. आधीचे पॅड बावीस हजारांवर संपले होते. काढले तेव्हा आतला दोन मिलिमीटर आणि बाहेरचा सहा होता. मी ते पाहिलं. पाहून बाजूला टाकले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली वरची जड होती आणि खालची जामच होती. पकडीनं फिरवून फिरवून ती बाहेर काढली, पॉलिश पेपरनं घासली, चाकाच्या बेअरिंगसाठी जो ग्रीसचा डबा असतो त्यातलं ग्रीस बोटभर लावलं आणि ठोकून बसवली. हलवून पाहिली तर हलत होती. त्या वेळेपुरती हलत होती. नवे पॅड घातले, चाक चढवलं, सरांनी पैसे दिले.

या कामात तीन चुका आहेत, आणि तिन्ही कशा टाळायच्या हे मला तेव्हा माहीत होतं. हेच मला आज जास्त लागतं. माहीत नसतं तर शिकलो असतो आणि सोडून दिलं असतं.

मी काम शिकलो कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात, नव्वदच्या दशकात. आमच्याकडे येणाऱ्या ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रम असायचे. डिस्कची गाडी आली की उस्ताद सगळ्या पोरांना गोळा करायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांचा नियम होता की काढलेला पॅड त्यांना दाखवल्याशिवाय भंगाराच्या टोपलीत टाकायचा नाही. "डॉक्टर आधी जीभ बघतो," ते म्हणायचे, "तू आधी पॅड बघ." आणि पॅड कुठल्या बाजूचा, आतला की बाहेरचा, वरचं टोक कुठलं, हे खडूनं लिहून ठेवायला लावायचे. एकदा पॅड एकत्र झाले की त्यांच्याकडून काहीच कळत नाही.

ज्यांना आतली रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. घरच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या डिस्कला जो कॅलिपर असतो, त्याला पिस्टन एकाच बाजूला असतो, आतल्या. ब्रेक दाबला की तेलाच्या दाबानं पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर टेकवतो. आता डिस्क तर हलत नाही. मग तोच दाब उलटा फिरून सगळा कॅलिपर आतल्या बाजूला ओढतो आणि त्या ओढीनं बाहेरचा पॅड डिस्कवर येऊन बसतो. एका पिस्टनवर दोन्ही बाजूंचं काम होतं ते असं. पण त्यासाठी कॅलिपर मोकळेपणानं सरकायला हवा. तो सरकतो दोन पिनांवर, बोटाएवढ्या जाड आणि बोटाएवढ्याच लांब. पावसाळ्यात कपाटाचा लाकडी खण फुगतो आणि एका बाजूनं अडतो, तसंच इथे होतं. पिन अडली की कॅलिपर जागचा हलत नाही, बाहेरचा पॅड नुसता बघत बसतो आणि सगळा भार आतल्यावर पडतो.

पाय काढल्यावर पिस्टन मागे कसा जातो, हेही बघण्यासारखं आहे. तिथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबराचं कडं असतं. पिस्टन पुढे जाताना ते कडं त्याच्याबरोबर जरासं वाकतं आणि दाब सुटला की पुन्हा सरळ होतं. सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. केसभरच. तेवढ्यावर चाक मोकळं फिरतं. पिस्टनला गंज धरला किंवा ते रबर कडक झालं की हे केसभर मागे येणंही थांबतं, आणि मग आतला पॅड पाय काढल्यावरसुद्धा डिस्कला चिकटून राहतो.

म्हणून आतला पॅड जास्त झिजलेला दिसला की दोन संशय घ्यायचे, पिन किंवा पिस्टन. बाहेरचा जास्त झिजला असेल तर बहुधा कॅलिपर एकदा आत ओढला गेला आणि परत सुटला नाही, म्हणजे पुन्हा पिनाच. पॅड पाचरीसारखा झिजला, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ, तर दोनपैकी एक पिन धरतेय किंवा पॅड आपल्या खाचेत तिरका अडकलाय. आणि एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा पुष्कळ संपलेले असतील तर रबरी होज बघायचा. तो बाहेरून चांगला दिसतो पण आतून सुजून बंद होत येतो. जोराच्या दाबानं तेल पुढे जातं, परत यायला मात्र वाट मिळत नाही. सरांच्या गाडीचा आतला पॅड संपलेला होता आणि वर पाचरही होती. चाचा असते तर लांबूनच म्हणाले असते, खालची पिन.

पोऱ्याला मी म्हटलं, "आज घाई नाही. ब्रॅकेटसकट काढ, व्हाइसमध्ये बांधू."

"दादा, कॅलिपर लटकवून ठेवू?"

"होजवर लटकवशील तर होज जाईल. तार घे आणि वर स्प्रिंगला बांध."

खालच्या पिनेनं वीस मिनिटं घेतली. गंज सोडवायचं तेल मारायचं, थांबायचं, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. आच दिली असती तर दोन मिनिटांत निघाली असती, पण तिथली रबरं जळतात आणि ते मी करत नाही. शेवटी बाटलीचं बूच निघावं तसा आवाज करून पिन बाहेर आली.

ती मी कपड्यावर ठेवली आणि पोऱ्याला जवळ बोलावलं. पिनेच्या टोकाला काळ्या रबराचा एक छोटा बुश असतो, पिन खडखडू नये म्हणून. तो सुजून जाड झाला होता आणि हाताला चिकट लागत होता. ही पहिली चूक. ब्रेकमधलं रबर ईपीडीएम जातीचं असतं. त्याला खनिज तेलाचं साधं ग्रीस चालत नाही, ते शोषून घेऊन रबर फुगतं. मीच लावलेल्या ग्रीसनं पिन पुन्हा जाम झाली होती, आधीपेक्षा घट्ट. दुसरी चूक पिनेच्या अंगावर होती. पॉलिश पेपरनं घासलं तिथला मुलामा उडून पट्टे पडले होते आणि त्या प्रत्येक पट्ट्यात तांबूस गंज भरला होता. पिनेला गंज दिसला तर पिन बदलायची असते, घासायची नसते.

मग पोऱ्यानं पिनेच्या भोकात गोल ब्रश फिरवला आणि तळातून राखाडी रंगाचं काहीतरी बाहेर आलं. आधी वाटलं जुनं ग्रीस. बोटांत घेऊन चोळलं तर कोरडं आणि तांदळाच्या पिठाइतकं बारीक.

चिपळूणच्या माणसाला ही माती ओळखायला वास घ्यावा लागत नाही. २२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, घरांत शिरलं, माझ्या गॅरेजातही शिरलं. पाणी ओसरल्यावर जो गाळ राहिला तो याच रंगाचा होता. पुढचे तीन-चार महिने आम्ही फक्त बुडालेल्या गाड्या करत होतो. इंजिन खोल, गिअरबॉक्सचं तेल काढ, वायरिंगचे जोड सुकव, सीटा उन्हात टाक. सरांची गाडी उतारावर होती म्हणून चाकं बुडण्यावरच भागलं होतं. तेव्हा मीच पाहून म्हटलं होतं, "नशीबवान आहात सर, हिला काही झालेलं नाही." ब्रेकचे ड्रम उघडून धुतले होते, तेवढंच. पिनेच्या रबरी बुटाला कडेनं नखाएवढी चीर होती. त्या चिरेतून गाळाचं पाणी आत गेलं असणार. पाणी सुकलं आणि गाळ तिथेच राहिला. त्यानंतरचे दोन पावसाळे, दर साली तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्याच चिरेतून आत जात राहिले. जूनमध्ये मी तो बूट पुसला होता. चीर पाहिली नव्हती. ती तिसरी चूक.

पुरानंतर मी जितक्या गाड्यांना हात लावला त्यांची यादी माझ्या जुन्या वहीत होती. त्या रात्री ती काढली. ज्यांचे फोन लागले त्यांना सांगितलं की येऊन पिना दाखवून जा, पैसे नकोत. सगळे आले नाहीत. जे आले त्यांच्यातल्या काही गाड्यांच्या भोकांतून तोच राखाडी गाळ निघाला.

आता दुरुस्ती. यातलं एकही काम अवघड नाही आणि यातलं एकही वगळून चालत नाही.

पिनांचं आणि बुटांचं नवं किट घेतलं. वरची आणि खालची पिन दिसायला सारखी असली तरी बुश असलेली कुठे होती ते काढतानाच लिहून ठेवलं. उलटसुलट बसल्या तरी त्या बसतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा हेच घडतं. ब्रॅकेटची भोकं ब्रेक क्लीनर मारून आणि ब्रश फिरवून आतून उघड्या धातूवर आणली. आमच्या धंद्यात सगळं रॉकेलनं धुवायची सवय आहे. ब्रेकला रॉकेल, डिझेल काही लावायचं नाही, रबर खराब होतं आणि पॅडवर उडालं तर पॅड जातो. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीच मिळतं ते, छोट्या ट्यूबमधलं. किती लावायचं, तर गव्हाच्या चार-पाच दाण्यांएवढं, पसरून. पोऱ्यानं जास्त भरलं आणि पिन दाबली की परत बाहेर येऊ लागली. आत हवा कोंडली होती. बुटाची कड नखानं उचलून हवा सोडली तशी पिन आपल्या जागी जाऊन बसली. मग एका बोटानं ढकलून, दोन बोटांनी ओढून पाहिली. तुपातून सुरी जावी तशी सरकत होती. पोऱ्यानं उगाचच पाच-सहा वेळा ती आत-बाहेर केली. मी त्याला करू दिलं. हाताला ते एकदा कळलं की पुढे जड पिन आपोआप खटकते.

पॅडचे दोन कान ज्या खाचांत बसतात तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. क्लिपांखाली ब्रॅकेटला गंजाचा थर चढतो, क्लिप वर उचलली जाते, खाच अरुंद होते आणि पॅड अडकतो. वरून काहीच दिसत नाही. क्लिपा काढून खाली कानशीनं हळूहळू घासलं, लोखंड उजळ दिसेपर्यंत, त्याहून जास्त नाही. नव्या पॅडच्या कानावरचा रंगाचा जाड थरही खरवडला. पॅड बोटानं ढकलल्यावर खाचेत सरकला पाहिजे. तिथे हातोडी लागत असेल तर काम चुकलंय असं समजायचं.

पिस्टन तपासायला कॅलिपरमध्ये लाकडाचा तुकडा धरला आणि पोऱ्याला गाडीत बसवून पेडल सावकाश दाबायला सांगितलं. पिस्टन बाहेर आला. त्याच्या अंगावर गंजाचे खड्डे नव्हते, धुळीचं रबर अखंड होतं. परत आत दाबताना निपल थोडा उघडला आणि त्यावर पारदर्शक नळी लावून तेल बाटलीत घेतलं. कॅलिपरमधलं जुनं घाण तेल उलटं एबीएसच्या युनिटमध्ये ढकलायचं नसतं. तेल निघालं ते काळ्या चहासारखं. विचारलं तर तीन वर्षांत बदललेलं नव्हतं. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चं नवं तेल २३० अंशांच्या आत उकळू नये असा नियम आहे. पाणी शिरल्यावर तीच हद्द १५५ वर येते. घाट उतरताना चाकाजवळ तेल उकळलं की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी तेल बदला म्हणून आम्ही सांगतो त्याचं कारण हे आहे. त्याचा खर्च फार नसतो. तरीही हे काम सगळ्यात जास्त पुढे ढकललं जातं, कारण गाडी त्याबद्दल स्वतः काही सांगत नाही.

होज ठीक होता. उजव्या चाकाचीही तीच कथा होती, फक्त दोन पानं मागे. आतला साडेपाच, बाहेरचा सात, पिना जड. तिथेही किट घातलं. डाव्या डिस्कच्या आतल्या अंगाला नख अडकेल एवढे चर पडले होते आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती गेली होती. ती खरवडून वापरण्यात अर्थ नव्हता. डिस्क जोडीनंच बदलतात. नवी बसवण्याआधी हबचा चेहरा वायर ब्रशनं स्वच्छ केला. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी डिस्क किंचित तिरकी बसते आणि महिन्याभरात पेडल पायाखाली थरथरायला लागतं.

डिस्कचे पैसे सरांनी दिले. पॅड, किट, तेल आणि मजुरी मी घेतली नाही. सर म्हणाले, "अहो, निम्मे तरी घ्या." मी नको म्हटलं. ते पैसे घेतले असते तर जूनचं काम मी बरोबर केलं होतं असं झालं असतं.

काम संपताना बाई आल्या, मुलांना घेऊन. त्यांनी बाकावरचे पॅड पाहिले आणि म्हणाल्या, "आवाज येत होता हो. दोन आठवडे. चिमणी चिवचिवल्यासारखा."

आतल्या पॅडला स्टीलची एक छोटी पट्टी असते. मसाला संपत आला की ती डिस्कला टेकते आणि शीळ घालते, मुद्दाम तशीच ठेवलेली असते. सरांना तो आवाज कधी आला नव्हता. ते काचा वर करून, एसी लावून हायवेनं जातात. बाई रोज शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी आत नेतात, काच उघडी असते, आणि भिंतीवर आपटून आवाज परत येतो. त्यांनी घरी सांगितलं होतं. घरी ठरलं की पाऊस आहे, सकाळी डिस्कला पाणी धरतं, दोन ब्रेक मारले की जाईल. पावसाळ्यात हे खरंही असतं. रात्रभरात डिस्कवर गंजाची तांबूस साय येते आणि पहिल्या काही ब्रेकला खरखर होते. पण ती पुढच्या वळणापर्यंत जाते. दोन आठवडे राहत नाही. धाकट्या मुलानं मध्येच सांगितलं की गाडी धुताना डावं चाक नेहमी जास्त काळं निघायचं. म्हणजे त्या घरात एकाला ऐकू आलं होतं, एकाला दिसलं होतं. गाडी माझ्याकडे आली असताना मी मात्र यातलं काहीच विचारलं नव्हतं. आता विचारतो. गाडी रोज कोण चालवतं, आणि धुतं कोण? त्या दोघांशी बोलल्याशिवाय ब्रेकचं काम हातात घेत नाही.

रविवारी सकाळी आम्ही घाटात गेलो. बाई चालवत होत्या, सर शेजारी, मी मागे. चिपळूण सोडल्यावर मोकळ्या रस्त्यावर आधी पॅड बसवून घेतले. पन्नासच्या वेगावरून हलक्या पायानं दहापर्यंत आणायचं, पूर्ण थांबवायचं नाही, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं दहा-बारा वेळा. मग पोफळीवरून वर, माथ्यावर चहा, आणि परत खाली. उतरताना बाईंना सांगितलं, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. त्या म्हणाल्या, "मी तशीच उतरते. ह्यांना सांगा." सर हसले आणि त्यांनी मान डोलावली.

पायथ्याला गाडी सावलीत घेतली. माझ्याकडे पिस्तुलासारखा तापमापक आहे, लांबून तापमान दाखवतो. डाव्या डिस्कवर धरला, ११८. उजव्यावर १२१. नव्या गाडीतही एवढा फरक पडतो. आकडे वहीत लिहिले. त्याच पानावर खाली पुढच्या एप्रिलची नोंद आहे. आईंना कऱ्हाडला नेऊन आणल्यावर सरांनी गाडी आणली होती, सांगितलं नव्हतं तरी. चाकं काढून मोजलं. डावा आतला ८.९, बाहेरचा ९.१. उजवा आतला ९, बाहेरचा ९.१. सरांनी सरासरी काढली नाही, चारही आकडे वाचले.

पण त्या रविवारी तापमापकाचे आकडे ऐकून बाईंचं समाधान झालं नव्हतं. चिपळुणात शिरल्यावर त्यांनी गाडी गॅरेजकडे न वळवता शाळेकडे घेतली. सुट्टीमुळे कंपाउंडमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी एसी बंद केला, चारही काचा खाली केल्या, मुलांना गप्प बसायला सांगायची त्यांची सवय असावी, तसं आम्हा दोघांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि भिंतीला लागून अगदी हळू, गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला. परत मागे घेऊन एकदा नेली.

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि गाडी गॅरेजकडे वळवली.